हायपोची दहा मिनिटं आणि मावशींची झोप

जळगाव-धुळ्याकडच्या दवाखान्यात रात्री वॉर्डात रक्त सांडलं की हाक जाते, "मावशी!" पुरुष असला तर "मामा!" नाव विचारायची पद्धत नाही. मावशी येतात, डागावर जुनं कापड टाकतात, वरून 'हायपो' ओततात. आता साधारण दहा मिनिटं ते तसंच राहू द्यायला हवं. पण सिस्टरची घाई असते, दारात स्ट्रेचर उभं असतं, दोन मिनिटांत पोछा फिरतो. फरशी चकाचक दिसते, जंतू मात्र शिल्लक असू शकतात.

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पाण्यात त्याचं काही प्रमाणात हायपोक्लोरस आम्ल होतं, ते जंतूच्या आवरणातून आत शिरतं आणि आतली प्रथिनं मोडून टाकतं. गंमत म्हणजे हेच आम्ल आपल्या पांढऱ्या पेशीही जंतू मारायला स्वतः तयार करतात. पण रक्त, पू, माती यांच्याशीही ते तितक्याच उत्साहानं भिडतं आणि त्यातच खर्ची पडतं. म्हणून घाण आधी टिपून घ्यायची, मग हायपो, मग थांबायचं. आणि त्यात संडासाचं अ‍ॅसिड कधीच मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि थेट फुप्फुसाला लागतो.

बाजारातून ५ टक्क्यांचा कॅन आला तर एक भाग हायपोत चार भाग पाणी घालून १ टक्क्याचं द्रावण होतं. पण कॅनवर ५ लिहिलंय म्हणून आत ५ असेलच असं नाही. हायपो आपोआप विरत जातं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण तीन-चार पट होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या घरात जातो. जिन्याखालच्या कोंदट खोलीतला कॅन अशा वेळी २५ अंशांत ठेवलेल्या कॅनपेक्षा दहापट तरी वेगानं कमजोर होतो. वास येत राहतो, म्हणून कोणाला शंका येत नाही.

या कामाचं मोल मोजलंही गेलं आहे. स्टेफनी डान्सर यांच्या गटानं २००९ साली एका ब्रिटिश रुग्णालयातला प्रयोग प्रसिद्ध केला. दोन सारख्या वॉर्डांना आळीपाळीनं सहा-सहा महिने, आठवड्याचे पाच दिवस, फक्त एक सफाई कामगार जादा दिला. सारखे हात लागतात अशा जागांवरचे जंतू ३२.५ टक्क्यांनी घटले. नवं औषध नाही, यंत्र नाही, नुसती एक मावशी जास्त!

आता त्या मावशींच्या शरीराकडे वळू. सकाळी आठला ड्यूटी संपते. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी फक्त उजेड मोजायला असतात, त्या मेंदूतल्या सुमारे २०,००० चेतापेशींच्या घड्याळाला खबर देतात. रस्त्यावरचं खानदेशी ऊन त्या घड्याळाला सांगतं, 'दिवस उजाडला'. झोप आणणारं मेलॅटोनिन ओसरतं. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, ते पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि दिवसभर चढत जातं. त्यात डोक्यावर पत्रा. जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर ऊन उशिरा आत सोडायचा, पत्रा दुपारी बाराला तव्यासारखा होतो. कोरड्या हवेत कूलर चांगलं काम करतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. पण वीज गेली की तोही गप्प. परिणामी दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा एक ते चार तास कमी भरते. अहिराणीत सांगायचं तर, "दिनले झोप येत नही, रातले थांबत नही."

आणि स्वयंपाक, पाणी, शाळेतून येणारी पोरं. बारा वाजता उठलेल्या बाईला पहाटे पाचला सतरा तास जाग झालेली असते. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की सतरा तास जागल्यावर हात-डोळ्यांचा मेळ १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्याइतका बिघडतो. आपल्या कायद्यात गाडी चालवायला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे जिला स्कूटर चालवू देऊ नये अशा अवस्थेत ती वापरलेल्या सुया उचलत असते.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यात जायला हव्यात, आणि हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस मिळायला हवी. 'प्रत्येक' यात कंत्राटी कामगारही आला, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

रात्रपाळीतली वीस मिनिटांची डुलकी पहाटेची सावधता वाढवते. आपल्याकडे खुर्चीत डोळा लागलेली मावशी सापडली तर बोलणी बसतात. माझ्या मते ही डुलकी ड्यूटीच्या तक्त्यातच लिहावी, दोन-तीनच्या दरम्यान, आळीपाळीनं. फक्त उठल्या उठल्या सुयांच्या डब्याला हात लावू देऊ नये. झोपेची गुंगी उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात ताजं हायपो कालवून होतं.