अकरावीच्या गणितातील तीन प्रकरणे: पुस्तकातला क्रम आणि इतिहासातला क्रम

इंदूरच्या राजेंद्रनगरात किंवा लोकमान्यनगरात अकरावीचे मूल असलेल्या मराठी घरात गणिताची सराव-वही उघडली, की पहिल्या पानावर बहुधा 'समुच्चय' हा हिंदी शब्द दिसतो. वर्गात त्याला 'सेट' म्हणतात आणि महाराष्ट्रातून आलेल्या मराठी पुस्तकात 'संच'. ज्यांचे शालेय शिक्षण १९६० च्या आधी पूर्ण झाले, अशा आजोबांना मात्र या तिन्ही शब्दांपैकी एकाही शब्दाने काही आठवत नाही, कारण त्यांच्या पुस्तकात हे प्रकरण नव्हतेच. द्विपद प्रमेय, म्हणजे (अ + ब) च्या घातांचा विस्तार करण्याचा नियम, म्हटले की तेच आजोबा त्यातले सहगुणक, म्हणजे पदांपुढचे अंक, तोंडपाठ म्हणून दाखवतात. एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकात संच हे पहिले, द्विपद प्रमेय हे सातवे आणि त्रिमितीय भूमितीची ओळख हे अकरावे प्रकरण आहे. इतिहासात यांतले सर्वांत जुने प्रकरण द्विपदाचे असून सर्वांत नवे संचाचे आहे.

द्विपदाच्या सहगुणकांचा उगम बीजगणितात नसून मोजणीत आहे, आणि या मोजणीचा एक महत्त्वाचा टप्पा इंदूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जैनचा आहे. सहाव्या शतकात तिथे होऊन गेलेल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त सुगंधी द्रव्यांविषयी लिहिताना सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे प्रकार १८२० होतात, असे सांगितले आहे. ही संख्या काढण्याची रीत दहाव्या शतकातील टीकाकार भट्टोत्पलाने उलगडली. पहिल्या स्तंभात १ ते १६ अंक मांडायचे. दुसऱ्या स्तंभात त्यांच्या क्रमाने होत जाणाऱ्या बेरजा, म्हणजे १, ३, ६, १० अशा, शेवटचा अंक सोडून मांडल्या की तो स्तंभ १२० वर थांबतो. त्याच्या बेरजांचा, पुन्हा एक पायरी कमी केलेला, तिसरा स्तंभ ५६० वर थांबतो आणि चौथा १८२० वर. आजचा विद्यार्थी हेच उत्तर १६, १५, १४ आणि १३ यांच्या गुणाकाराला २४ ने भागून एका ओळीत काढतो. पण ते उत्तर का येते, हे स्तंभांच्या रीतीत अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते.

दुसरी वाट छंदःशास्त्राची. या शास्त्राचा सूत्रकार पिंगल याची सूत्रे इसवी सनापूर्वीची असली तरी अतिशय त्रोटक आहेत. ज्याला आपण मेरुप्रस्तार म्हणतो त्या आकृतीचे स्पष्ट वर्णन हलायुधाच्या दहाव्या शतकातील 'मृतसंजीवनी' या टीकेत मिळते, आणि ही टीका परमार राजा मुंजाच्या आश्रयाने, म्हणजे पुन्हा माळव्यातच, लिहिली गेली. वर एक घर, त्याखाली अर्धे-अर्धे बाहेर निघणारी दोन घरे, त्याखाली तीन, कडेच्या घरांत १ आणि आतल्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज, अशी ती मांडणी आहे, आणि तिच्या ओळींत द्विपदाचेच सहगुणक येतात. अकराव्या शतकात चीनमध्ये जिया शियानने आणि इस्लामी जगात अल-करजीच्या परंपरेने हाच त्रिकोण वापरला. पास्कलने त्यावरचा प्रबंध १६५४ मध्ये लिहिला आणि तो १६६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास तरुण न्यूटनने अपूर्णांक घातांकांपर्यंत हे प्रमेय नेले, पण शाळेत आपण धन पूर्णांक घातांकापाशीच थांबतो.

मराठी मुलांना या विषयाशी जोडणारा धागा त्यांच्याच व्याकरणाच्या वहीत आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. वृत्ते शिकताना पाठ केलेल्या 'यमाताराजभानसलगा' मधले आठ गण पाहा. तिन्ही अक्षरे गुरू असलेला म हा एकच गण आहे. एक अक्षर लघू असलेले य, र आणि त हे तीन, दोन अक्षरे लघू असलेले भ, ज आणि स हेही तीन, आणि तिन्ही लघू असलेला न पुन्हा एकच. १, ३, ३, १ हे (अ + ब) च्या तिसऱ्या घाताचेच सहगुणक आहेत. तीन घटक असलेल्या संचाचे आठ उपसंच घटकसंख्येनुसार लावले तरी हेच अंक येतात. अवकाशातल्या बिंदूच्या तीन निर्देशकांची चिन्हे लिहिली, तर सर्व धन असलेला एक अष्टमांश (तीन अक्षांमुळे अवकाशाचे जे आठ भाग पडतात त्यांपैकी एक), एक चिन्ह ऋण असलेले तीन, दोन ऋण असलेले तीन आणि सर्व ऋण असलेला एक, अशीच विभागणी मिळते. तिन्ही प्रकरणे तीन वेगळ्या कोपऱ्यांत ठेवल्यामुळे पुस्तकात हे नाते कुठे डोळ्यांसमोर येत नाही.

त्रिमितीय निर्देशक भूमितीचा इतिहास तुलनेने लहान आहे. देकार्तने १६३७ मध्ये मांडलेली भूमिती मुख्यतः प्रतलातली होती. तीन अक्षांनी अवकाशातील वक्रांचा पद्धतशीर अभ्यास क्लेरोने १७३१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, प्रसिद्ध केला, आणि ऑयलरने १७४८ मध्ये पृष्ठभागांची समीकरणे वर्गीकृत केली. शिक्षक आरंभबिंदू समजावताना खोलीचा कोपरा दाखवतात, पण खोलीच्या आत एकच अष्टमांश असतो. दुमजली वाड्यात जिथे खालच्या चार आणि वरच्या चार खोल्यांच्या भिंती एका बिंदूत मिळतात, तिथे उभे केले तर आठही अष्टमांश मुलाला मोजता येतात.

संचाची गोष्ट निराळी आहे. ऑयलरची वर्तुळे आणि १८८० मधल्या व्हेनच्या आकृत्या तर्कशास्त्राच्या सोयीसाठी होत्या. स्वतंत्र सिद्धांत म्हणून संच कँटरच्या १८७४ पासूनच्या लेखनातून उभा राहिला आणि तोही अनंताची तुलना करण्याच्या खटपटीतून, ज्याचा अकरावीच्या सरावाशी जवळजवळ काही संबंध नाही. १९०१ मध्ये रसेलला त्यात विसंगती सापडली आणि १९०८ मध्ये झर्मेलोने नियम घालून ती आवरली. शाळेत संच आला तो १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रह अवकाशात गेल्यानंतर पश्चिमेत वेगाने पसरलेल्या 'नव्या गणिता'च्या लाटेबरोबर. भारतात १९६१ मध्ये एनसीईआरटी स्थापन झाली, कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात गणिताच्या आधुनिकीकरणाची शिफारस केली आणि पुढे संच प्रास्ताविक प्रकरण होऊन बसला. भाषा आधी आणि मजकूर मागाहून, हा त्यामागचा विचार होता. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता, परंतु उपसंच आणि घटक यांतला फरक सराव-पत्रिकेत अनेकदा केवळ चिन्हांची कसरत होऊन राहतो, ही त्याची किंमत आहे.

अलीकडे, २०२२-२३ पासून, अभ्यासक्रम हलका करताना या तिन्ही प्रकरणांतून भाग वगळले गेले. संचांच्या संयोग आणि छेदावरची व्यावहारिक उदाहरणे, द्विपद विस्ताराचे सामान्य पद आणि मध्यपद, तसेच त्रिमितीय भूमितीतले विभाजन सूत्र हे त्यांतले ठळक भाग होत. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या जेईई मेनच्या अभ्यासक्रमात सामान्य पद आणि मध्यपद मात्र कायम आहेत. त्यामुळे (क्ष + १/क्ष) च्या दहाव्या घाताचे मधले पद, ज्याचे उत्तर २५२ येते, शाळेच्या पुस्तकात सोडवायला मिळाले नाही तरी संध्याकाळी इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या शिकवणीत ते सोडवावेच लागते.