जड गोळी झुडूप भेदून सरळ जाते का?

मोठ्या कॅलिबरची (जाड गोळीची) लिव्हर-ॲक्शन रायफल, म्हणजे चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची रायफल, निवडताना ‘.४५-७० काडतुसाची जड, संथ गोळी झुडपातूनही सरळ जाते’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते; ते खरे नाही. अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या या काडतुसाची गोळी वजनदार असली, तरी बोटाएवढ्या फांदीला घासताच तीही कलू शकते, आणि जनावर त्या फांदीपासून जितके दूर, तितका नेम अधिक चुकून ते नुसतेच जखमी होण्याची भीती वाढते, जी कोणत्याही शिकाऱ्याने पत्करू नये. गोळीचे चपटे टोकही झुडपांसाठी नसते: या रायफलीच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या कप्प्यात) ती एकामागे एक राहतात आणि धक्क्याने कठीण, अणकुचीदार टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या टोपीवर) आदळून ते काडतूस उडू शकते. ही रायफल जवळच्या जोरदार माऱ्यासाठी जरूर घ्यावी, पण मोकळी फट दिसेपर्यंत चाप ओढू नये.