ग्लासगोचे पोलीस संग्रहालय : ‘पहिले पोलीस दल’ या दाव्याची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे स्वतंत्र पोलीस दल १६ मे १९७५ रोजी संपुष्टात आले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या फेररचनेत आजूबाजूच्या परगण्यांच्या दलांसह ते एका मोठ्या प्रादेशिक दलात विलीन झाले आणि टोप्या, बिल्ले, नोंदवह्या, छायाचित्रे, शिट्ट्या असा पावणेदोनशे वर्षांचा पसारा एका अर्थाने बेवारस झाला. नव्या दलाला स्वतःची ओळख घडवायची होती, त्यामुळे एका शहराचा जुना इतिहास जपण्याची त्याला फारशी निकड नव्हती. ते काम पुढे निवृत्त पोलिसांनी आपणहून अंगावर घेतले. सन २००२ मध्ये उघडलेले आणि नंतर मर्चंट सिटी भागातील बेल स्ट्रीटवर पहिल्या मजल्यावर असलेले संग्रहालय हे त्याचे फळ. तिथे प्रवेशशुल्क नाही, आणि माहिती सांगायला उभे असतात ते बहुधा स्वतः गणवेशात नोकरी केलेले स्वयंसेवक.

या संग्रहालयाभोवती सर्वाधिक चर्चा झाली ती त्याच्या एका दाव्याची : ग्लासगोचे पोलीस दल हे ब्रिटनमधील पहिले होय. आधुनिक पोलीस दलाची सुरुवात १८२९ मध्ये लंडनला झाली, हेच समीकरण शिकलेल्या वाचकाला हा दावा खटकतो, पण त्याला कागदोपत्री आधार आहे. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी १७७९ मध्ये आणि पुन्हा दहाएक वर्षांनी पगारी पोलीस नेमून पाहिले होते; दोन्ही प्रयत्न पैशाअभावी बारगळले, कारण कर बसवण्याचा कायदेशीर अधिकारच शहराकडे नव्हता. तो अधिकार ३० जून १८०० रोजी मंजूर झालेल्या संसदेच्या कायद्याने दिला. त्याच नोव्हेंबरात ट्रॉनगेटमधील एका चर्चच्या दालनात दलाची पहिली हजेरी झाली. पोलीसप्रमुखाच्या हाताखाली तीन सार्जंट, सहा पोलीस अधिकारी आणि ६८ पहारेकरी होते. पहारेकऱ्यांचे लांब तपकिरी डगले, पाठीवर रंगवलेला क्रमांक, हातातला कंदील आणि काठी यांवरून ते ओळखता येत. लंडनच्या दलापेक्षा हे सारे २९ वर्षे आधीचे आहे.

तरीही ‘पहिले’ हा शब्द वापरताना बरीच कुंपणे घालावी लागतात. डब्लिनमध्ये १७८६ च्या कायद्याने पगारी, गणवेशधारी दल उभे राहिले होते. मात्र तेव्हा आयर्लंड संयुक्त राज्यात सामील झालेले नव्हते आणि ते दल काही वर्षांत गुंडाळले गेले, म्हणून ग्लासगोचे समर्थक त्याला मोजत नाहीत. टेम्स नदीवरचे दल १७९८ चे, म्हणजे ग्लासगोच्याही आधीचे. पण सुरुवातीला ते गोदीतील मालाच्या राखणीसाठी, मुख्यतः व्यापाऱ्यांच्या पैशावर चालणारे होते. गंमत अशी की ते सुचवणारा गृहस्थ पूर्वी ग्लासगोचाच नगरप्रमुख होता. शिवाय स्कॉटलंडच्या तत्कालीन कायद्यात पोलीस व्यवस्थेखाली दिवाबत्ती आणि रस्त्यांची साफसफाईही येत असे, त्यामुळे १८०० चा कायदा आजच्या अर्थाने निव्वळ पोलीस कायदा नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते दाव्याचे बळ तारखेत कमी आणि रचनेत अधिक आहे : करदात्यांनी पैसा द्यायचा, त्यांनीच निवडलेल्या आयुक्तांनी देखरेख करायची आणि गुन्हा घडण्याआधी तो रोखायचा, ही घडी तिथे लंडनच्या आधी बसली होती. दर्शनी फलकावर एवढा खुलासा मावत नाही, हे मान्य करायला हवे.

विसाव्या शतकाचा भाग त्या मानाने निर्विवाद आणि कदाचित म्हणूनच अधिक रंजक आहे. ग्लासगोने १९१५ मध्ये दलात पहिली स्त्री नेमली, ती प्रामुख्याने स्त्रिया आणि मुलांचे जबाब घेण्यासाठी. वस्तरे घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांचा १९३० च्या दशकात बंदोबस्त करणाऱ्या पोलीसप्रमुखाने १९३२ मध्ये टोपीभोवती काळ्या-पांढऱ्या चौकटींची तीन ओळींची पट्टी आणली. मूळ कल्पना हायलँड पलटणींच्या टोप्यांवरून घेतलेली. ती पट्टी आज ब्रिटनभर आणि ऑस्ट्रेलियातही दिसते, आणि ती कुठून आली हे तिथल्या पोलिसांनाही अनेकदा ठाऊक नसते. ग्लासगोच्या पोलीस पेट्याही, म्हणजे ठाण्याशी बोलण्यासाठी रस्त्यांवर उभारलेल्या दूरध्वनीच्या छोट्या खोल्या, दीर्घकाळ लाल रंगाच्या होत्या. गस्तीवरच्या शिपायाने ठाण्याशी संपर्क साधावा, यासाठी पेटीच्या माथ्यावरचा दिवा उघडझाप करीत असे.

संग्रहालयाची कथा १७७९ ते १९७५ या चौकटीत बांधलेली आहे. जोडीला जगभरच्या पोलीस गणवेशांचे दालन आहे. पण १९७५ चे प्रादेशिक दलही १ एप्रिल २०१३ रोजी राष्ट्रीय दलात विलीन होऊन संपले, आणि मधल्या ३८ वर्षांच्या वस्तूंची गत पूर्वी शहराच्या दलाची झाली तशी होण्याचा धोका आहे. चौकट पुढे सरकवावी, असे सुचवणे सोपे आहे. जागा मर्यादित आणि मनुष्यबळ पूर्णतः स्वेच्छेचे असताना ते करणे तितके सोपे नाही. शहराच्या जुन्या दलात १९७४ मध्ये एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाईसुद्धा आता सत्तरीत आहे. तेव्हा पुढच्या काळाच्या वस्तू आणि आठवणी गोळा करण्याचे काम १९७५ नंतर सेवेत आलेल्यांकडेच जाणार, आणि त्यांनी नोकरी केली ती ज्या दलात, त्याला या दालनांत अद्याप स्वतःचे स्थान नाही.