पहिली फिशटँक घेताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातील आमच्या दुकानात नवी टाकी आणि मासे एकाच दिवशी दिले जात नाहीत. याचे अनेक ग्राहकांना, विशेषतः सोबत आलेल्या मुलांना, वाईट वाटते हे आम्ही जाणतो. त्यामागचे कारण या पत्रकात सविस्तर दिले आहे, आणि टाकी कुठे ठेवावी, पाणी कसे तयार करावे व पुढे निगा कशी राखावी हेही त्याच ओघात सांगितले आहे. टाकीत पाणी भरण्यापूर्वी हे पत्रक कृपया एकदा पूर्ण वाचावे.

पाणी आधी, मासे नंतर

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच तळाशी कुजणाऱ्या उरलेल्या खाण्यातून, पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो आणि अगदी थोड्या प्रमाणातही तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. नदीत किंवा तलावात एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते, कारण ते रक्तात गेले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते. नियमित पाणी बदलून आणि वनस्पती लावून ते आटोक्यात ठेवता येते. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर त्यांची वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधीच मासे सोडले, तर काही दिवसांत ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि घरच्यांना वाटते की मासेच आजारी मिळाले.

म्हणून पहिले काही आठवडे मासे न सोडता टाकीतला फिल्टर चोवीस तास चालू ठेवावा आणि जिवाणूंना अन्न मिळावे यासाठी एक दिवसाआड चिमूटभर माशांचे खाणे पाण्यात टाकावे. आमच्या चालू टाकीतील फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला विनामूल्य देतो. तपकिरी, बुळबुळीत आणि मातकट वासाचा हा तुकडा पाहून पुष्कळ जण तो घरी गेल्यावर नळाखाली स्वच्छ धुतात, पण नेमके तेच करू नये. त्या तपकिरी थरातच आपल्याला हवे असलेले जिवाणू असतात आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनने ते मरतात. तुकडा टाकीच्या पाण्यात ओला ठेवून न्यावा आणि त्याच दिवशी फिल्टरमध्ये बसवावा. पुष्कळदा त्यामुळे प्रतीक्षेचा काळ बराच कमी होतो.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसू लागले तर घाबरून सगळे पाणी काढू नये. ते जिवाणूंच्या वाढीमुळे होते आणि काही दिवसांत आपोआप निवळते. तिसऱ्या आठवड्यानंतर स्वच्छ बाटलीत टाकीचे पाणी भरून दुकानात आणावे, आम्ही ते तपासून देऊ. अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडेफार दिसू लागले की त्या दिवशी मासे न्यावेत.

टाकी आणि जागा

सुरुवातीला लहान टाकी सोपी जाईल असा समज आहे, परंतु वस्तुस्थिती उलट आहे. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान व शुद्धता लवकर बिघडते. काचेच्या गोल भांड्यात मासे ठेवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे आणि त्यासाठी आम्ही मासे देत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी पहिल्यांदा घेणाऱ्यास योग्य ठरते. तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी मावते, म्हणजे काच व खडी धरून भार ७५ किलोच्या आसपास जातो. त्यामुळे टीपॉय किंवा भिंतीवरची फळी न वापरता भक्कम, समतल स्टँड घ्यावा आणि टाकीखाली थर्माकोलचा पत्रा घालावा. खिडकीतले थेट ऊन पडेल अशी जागा टाळावी, अन्यथा काचा शेवाळाने हिरव्या होतात. दिवाही सहा ते आठ तासांहून अधिक लावू नये. विजेच्या वायरी सॉकेटच्या पातळीखाली झोल देऊन वर न्याव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडे टाकीत घालू नयेत, ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात.

ठाण्यातील पाणी

महापालिकेचे धरणाचे पाणी साधारणपणे हलके असते आणि बहुतेक माशांना ते मानवते. अडचण त्यातील क्लोरीनची आहे. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे किंवा बाटलीवरील प्रमाणानुसार अँटीक्लोरीन घालून मगच ते टाकीत ओतावे. घोडबंदर रस्त्यावरील अनेक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणीही येते. ते पुष्कळदा जड असते आणि दर खेपेला सारखे असेलच असे नाही, म्हणून अशा घरांतील ग्राहकांनी पाणी एकदा आमच्याकडे तपासून घ्यावे आणि एका वेळी थोडेच बदलावे. सोसायटीच्या टाक्या धुण्याची सूचना फलकावर लागली, तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही फिशटँकचे पाणी बदलू नये, कारण धुण्यासाठी वापरलेल्या ब्लीचिंग पावडरचा अंश नळाला येऊ शकतो.

कोणते मासे, किती

५० लिटरच्या टाकीत गप्पीच्या आकाराचे आठ ते दहा मासे पुरेत. झेब्रा डॅनिओ हा आपल्याच देशातील काटक मासा आहे, पहिल्या टाकीसाठी आमची पहिली शिफारस त्याचीच असते. तो कळपात राहतो म्हणून एकूण किमान सहा ठेवावेत. गप्पी हवे असतील तर केवळ नर न्यावेत, कारण मादी साधारण महिन्याला पिल्ले देते आणि बघता बघता टाकी अपुरी पडते. फायटरचा नर एकटाच ठेवावा. गोल्डफिश सर्वांनाच आवडतो, पण तो सात-आठ इंच वाढतो, फार घाण करतो आणि मुळात थंड पाण्यातला मासा आहे. दोन फुटी टाकीसाठी आम्ही तो देत नाही. रंग टोचून रंगवलेले मासेही आमच्याकडे मिळणार नाहीत. त्या प्रक्रियेत माशांचे हाल होतात आणि जगले तरी तो रंग टिकत नाही.

मासे घरी नेल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, नंतर तिच्यात थोडे थोडे टाकीचे पाणी घालावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. एका वेळी तीन-चारच मासे वाढवावेत.

नित्याची निगा

खाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. टाक्या बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण आमच्या पाहण्यात हेच आहे की घरातील प्रत्येक माणूस प्रेमाने चिमूट-चिमूट घालत राहतो. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे, सगळे कधीही बदलू नये. हीटर असल्यास त्याआधी तो बंद करावा. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळून परत बसवावा.

डिसेंबर-जानेवारीत हीटर २५-२६ अंशांवर ठेवावा. मे महिन्यात उलट काळजी घ्यावी लागते, कारण पाणी तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. एअर पंप सतत चालू ठेवावा आणि जाळीचे झाकण वापरावे. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप उपयोगी पडतो. दिवाळीत फटाक्यांचा धूर घरात येत असताना खिडक्या लावून घ्याव्यात, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो.

गणपतीसाठी चार-पाच दिवस गावी जाताना मोठ्या निरोगी माशांना काहीही न घालता गेले तरी चालते. शेजाऱ्यांकडे डबा देऊ नये. द्यायचाच असेल तर एका वेळचे खाणे कागदाच्या पुड्यांत बांधून द्यावे.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर मनाने औषध न घालता फोटो व टाकीचे पाणी घेऊन लगेच दुकानात यावे. लवकर कळले तर हा रोग बरा होतो.

मासे सांभाळणे जमेनासे झाले किंवा पिल्ले फार झाली, तर ती मासुंदा, उपवन किंवा अन्य कोणत्याही तलावात सोडू नयेत. काच साफ करतो म्हणून घेतला जाणारा सकरमासा फूटभराहून मोठा होतो, तलावात तग धरतो आणि तिथल्या मूळ माशांची जागा व अन्न बळकावतो. आमच्याकडून नेलेले मासे आम्ही केव्हाही परत घेतो. आणताना पिशवीत एक तृतीयांश पाणी व बाकी हवा ठेवावी, आणि त्या दिवशी माशांना खाऊ घालू नये.