४० गुंठ्यांचे ४५ कसे होतात?

सातबाऱ्यावर ४० गुंठे असलेला जमिनीचा तुकडा उपग्रहचित्रावर नीट आखला आणि संगणकाला क्षेत्रफळ विचारले, तर कधी कधी उत्तर येते जवळजवळ ४५ गुंठे. बांध कुणी सरकवलेला नसतो. बहुतेक ऑनलाइन नकाशे ‘वेब मर्केटर’ प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या एका पद्धतीत) असतात आणि विषुववृत्तापासून दूर जाल तसे ते जमीन ताणत नेते. १९ अक्षांशावर लांबी आणि रुंदी प्रत्येकी पावणेसहा टक्क्यांनी वाढते, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रे आहेत. एक पृथ्वीचा लंबगोल धरून मोजते, दुसरे प्रक्षेपणाच्या सपाट पृष्ठावर. वरचा घोळ दुसऱ्याचा.

जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, हे नुसते नकाशे रंगवायचे साधन नव्हे. त्यात प्रत्येक वस्तूला जागा असते आणि त्या जागेला माहितीचा तक्ता जोडलेला असतो. विहीर हा बिंदू, नाला ही रेघ, गट हा बहुभुज. उंची किंवा उपग्रहचित्र चौकटींच्या जाळीत साठवतात. विहिरींची यादी एका खात्याकडे, गटांचा नकाशा दुसऱ्याकडे, नाले तिसऱ्याकडे. या तिन्हींत समान गोष्ट एकच, ती म्हणजे जागा. म्हणून ‘नाल्यापासून १०० मीटरच्या आत कोणत्या गटांत विहिरी आहेत?’ हा प्रश्न इथे विचारता येतो.

पण थर (विहिरी, नाले अशी एकेका प्रकारची माहिती) अक्षांश-रेखांशांत असेल, तर ‘१००’ म्हणजे १०० अंश धरले जातात आणि नाल्याभोवतीचा पट्टा अर्धी पृथ्वी व्यापतो. अंतर मोजायचे तर आधी थर मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीत, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या यूटीएममध्ये, न्यावा. ७८ अंश पूर्व रेखांश महाराष्ट्राचे दोन भाग करतो: पुणे, नाशिक, अमरावती ही शहरे ‘४३ उत्तर’ या पट्ट्यात, वर्धा, नागपूर, चंद्रपूर ‘४४ उत्तर’मध्ये. विदर्भात काम करताना इथे हमखास गडबड होते. जुन्या टोपोशीटचा (सरकारी भूनकाशाचा) आधार तर ‘एव्हरेस्ट’ लंबगोल, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचे जुने माप. तो न सांगता जीपीएसचे बिंदू वर ठेवले, की ते शंभर मीटरच्या घरात सरकलेले दिसतात.

आता सिमेंट नालाबंधाची जागा शोधू. उंचीची माहिती फुकट मिळते: नासाची एसआरटीएम, किंवा इस्रोच्या भुवन पोर्टलवरची कार्टोसॅटची. चौकट साधारण ३० मीटरची. आधी या माहितीतले चुकीने आलेले खोटे खड्डे भरून घ्यायचे, मग प्रत्येक चौकटीतले पाणी शेजारच्या आठांपैकी कुठे उतरेल ते काढायचे, मग वरून किती चौकटींचे पाणी येते ते मोजायचे. १,००० चौकटी म्हणजे ९० हेक्टर पाणलोट. तिथे ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ४५,००० घनमीटर पाणी पडते. त्याचा पाचवा हिस्सा वाहून आला असे धरले तरी ९,००० घनमीटर. बंधाऱ्याची क्षमता याच्याशी ताडून पाहावी. किती पाणी वाहून येईल हे मात्र माती, उतार आणि आधीच्या पावसावर ठरते. तो आकडा जीआयएस आपणहून देत नाही.

एसआरटीएमची उंची फेब्रुवारी २००० मधली आहे, म्हणजे त्यानंतरचे तलाव आणि रस्त्यांचे भराव त्यात नाहीत. शिवाय ती पूर्ण मीटरमध्ये नोंदलेली असते. सपाट काळ्या रानात त्यामुळे पट्टीने आखल्यासारखे समांतर ओढे उमटतात, जे जमिनीवर नसतातच. नव्या, बारीक मोजणीत भराव दिसतो, पण त्याखालची मोरी दिसत नाही, आणि संगणक रस्त्यालाच धरण समजतो. मोरीच्या जागी उंची हाताने कमी करावी लागते.

या जागेखाली कुणाचा गट येतो हे पाहायला गाव नकाशा बसवावा लागतो. स्कॅन केलेल्या नकाशावरची आणि जमिनीवरची तीच ठिकाणे जुळवायची. तीन शिवा मिळतात तो दगड, जुने देऊळ, पक्की विहीर ही चांगली. ओढ्याचे वळण घेऊ नये, ओढा पात्र बदलतो. साध्या रूपांतराला तीन बिंदू पुरतात, पण तीनच दिले की चूक शून्य दाखवली जाते, आणि नवखा माणूस खूश होतो. आठ-दहा बिंदू गावभर पसरून द्यावेत. नकाशा १:५,००० प्रमाणाचा असेल तर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. बंधारा कोणाच्या गटाजवळ आहे एवढे कळायला हे चालते. फूटभर बांधाच्या भांडणात असा नकाशा पुरावा म्हणून दाखवू नये. तिथे भूमी अभिलेखची मोजणीच हवी.

काम झाले की फाइल पाठवायची. शेपफाइल हा जीआयएसमधला प्रचलित फाइल-प्रकार खरे तर किमान तीन फाइलींचा संच असतो, आणि निर्देशांक पद्धत सांगणारी चौथी. लोक एकच पाठवतात आणि समोरच्याकडे काही उघडत नाही. स्तंभाच्या नावाला त्यात दहाच बाइट मिळतात. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. काना-मात्राही वेगळे चिन्ह धरले जात असल्याने ‘शेतकरी’ हे नाव पुरे बसत नाही. मराठी माहिती असेल तर जिओपॅकेजमध्येच साठवावी: एकच फाइल, आणि नावे छाटली जात नाहीत.