फ्रेम नंबरात 18 दिसला म्हणजे सायकल 2018 ची?

नाशकात जुनी माउंटन बाइक विकताना 'खालचा नंबर बघा, 18 म्हणजे 2018 ची' असं सर्रास सांगतात. हे चुकीचं आहे. बीबीखाली, म्हणजे पेडलचा आस जिथे बसतो त्या नळीखाली, कोरलेल्या नंबराला सगळ्या कंपन्यांचा एकच नियम नाही. तो 18 कशाचाही असू शकतो.

त्यापेक्षा शिमानो या पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या मागच्या डेरेलरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) किंवा क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) आतल्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं शोधा. बहुतेक पार्टवर पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं असतं. ए म्हणजे 2002, तिथून क्रमाने मोजा. 'एसई' म्हणजे मे 2020. एखादा पार्ट बदललेला असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी ताडून पाहा.

किंमत मात्र झिजेवर ठरवा. चेनच्या 24 कड्या पिनेपासून पिनेपर्यंत मोजा. नव्या चेनीत 304.8 मिमी भरतात. 308 भरले, तर चेनसोबत कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) बहुधा गेलेली असते. दोन्हींचा खर्च सांगितलेल्या भावातून वजा करा. पावसाळ्यात पांडवलेणीच्या चिखलात फिरलेल्या सायकलीचे फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या भागाचे) चकचकीत नळे नखाने तपासा. नख अडकलं, तर सील टिकत नाही, तेल गळतं. हेडट्यूबच्या (हँडलखालच्या फ्रेमच्या नळीच्या) वेल्डिंगपाशी रंगात बारीक भेग दिसली, तर अॅल्युमिनियमची ती फ्रेम फुकटातही घेऊ नका.