अमेरिकेत व्हेटरनरी टेक्निशियन व्हायचंय? अर्ज एक नाही, दोन

कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात) कुणालाही प्रवेश मिळतो, असं ऐकून बरेचजण निर्धास्त राहतात. कॉलेजात मिळतो, पण 'व्हेट टेक'च्या, म्हणजे पशुवैद्याला मदत करणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाच्या वर्गात मिळेलच असं नाही. तिथल्या जागा मोजक्या असतात. त्यामुळे बऱ्याच कॉलेजांत आधी कॉलेजचा अर्ज आणि मग अभ्यासक्रमाचा वेगळा अर्ज भरावा लागतो. दोन्हींच्या मुदती वेगळ्या असू शकतात.

सगळ्यात आधी अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनच्या मान्यताप्राप्त यादीत अभ्यासक्रमाचं नाव शोधा. कॅलिफोर्नियातलं फूटहिल, व्हर्जिनियातलं नॉर्दर्न व्हर्जिनिया ही अशी कम्युनिटी कॉलेजं. 'व्हेटरनरी असिस्टंट'चं काही महिन्यांचं प्रमाणपत्र म्हणजे हा अभ्यासक्रम नव्हे. इथे साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते. नावं सारखी वाटतात, फसू नका.

बारावी झालेली हवी. भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन बहुधा तिथल्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी उरका. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हे विषय आधी पूर्ण करायला सांगतात. काही ठिकाणी प्राण्यांच्या दवाखान्यात निरीक्षणाचे तास भरल्याचं डॉक्टरांच्या सहीचं पत्र मागतात. मागितलं नाही तरी चार दिवस जाऊन बसा. कुत्री आवडणं वेगळं आणि घाबरलेल्या कुत्र्याला एक्स-रेसाठी धरून ठेवणं वेगळं. गायी-घोडेही हाताळावे लागतात. गोठ्यात वाढलेल्यांना तिथे नक्कीच फायदा. रेबीजची आगाऊ लसही अनेक कॉलेजं मागतात.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना इंग्रजीची चाचणी, खर्चाचा बँक पुरावा, कॉलेजकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि ३५० डॉलर सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं शुल्क) लागतं. जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-४ या आश्रित व्हिसावर तिथे राहणाऱ्यांना शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, मात्र नोकरीसाठी कामाचा परवाना हवाच. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत या दोघांनाही मिळत नाही. ग्रीन कार्डधारक त्यासाठी अर्ज करू शकतात.

आपल्याकडची पशुवैद्यकाची पदवी असेल, तर इथे अर्ज करण्याआधी थांबा. टेक्निशियनला निदान, औषध लिहून देणं, शस्त्रक्रिया यांपैकी काहीच करता येत नाही. तिथे पशुवैद्य म्हणून काम करायचं असेल, तर परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणारे ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह हे कार्यक्रम आहेत, तो मार्ग वेगळा आहे.

असोसिएट पदवीनंतर टेक्निशियनची राष्ट्रीय परीक्षा, व्हीटीएनई. वर्षातून तीनदा होते, १७० प्रश्न असतात, त्यातले २० गुणांत धरत नाहीत. परवान्याचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात, म्हणून जिथे काम करायचं त्या राज्याचे नियम कॉलेज निवडतानाच वाचा.